रहस्यकथेतले गुन्हे येतात कोठून?

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मुंबईत चष्म्याचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाने झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही माणसे निर्माण केली आणि महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांना रात्री जागविले. हजार कथा म्हणजे निदान हजार गुन्हे. चोरी, खून, अपहरण, खोटे मृत्युपत्र, बनावट वारस. एकदा वापरलेला गुन्हा पुन्हा जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण वाचकाची स्मरणशक्ती या एका बाबतीत फार तल्लख असते. मग हे नवे नवे गुन्हे या लेखकांना सुचतात तरी कसे?

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आहे आणि ते खोटेही नाही. बऱ्याच वेळा ते सुचत नाहीत, उसने घेतलेले असतात. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून मराठी कादंबऱ्या रचल्या आणि लंडनच्या गल्ल्यांतली कारस्थाने आपल्याकडील वाड्यांत आणि भुयारांत आणून बसविली. त्यांनी हे काम इतक्या सफाईने केले की ‘कालिकामूर्ति’ किंवा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचणाऱ्याला परक्या मुलखाचा वासही येत नाही. पण हे उत्तर प्रश्नाला एक घर पुढे ढकलते, इतकेच. रेनॉल्ड्सला गुन्हे कोणी दिले? पो, कॉलिन्स, कॉनन डॉइल यांनी ते कोठून आणले? याचा शोध घेताना मला जे सापडले, ते योगायोगाने पुष्कळसे मी राहतो त्या म्हैसूर शहराच्या दहा कोसांच्या आतले आहे; म्हणून आजच्या भाषणाची सुरुवात मी येथूनच करतो.

म्हैसूरचे आणि आपणां श्रोत्यांचे एक जुने नाते आहे, ते जाता जाता सांगून टाकतो. येथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे सगळ्या देशाच्या नभोवाणीने तेच नाव धारण केले. असो.

याच शहरात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून बांधलेल्या इमारतीत, १८९१ साली स्थापन झालेले प्राच्य ग्रंथालय आहे. आज ते म्हैसूर विद्यापीठाची प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तंजावर प्रांतातल्या एका पंडिताने या ग्रंथालयाला ताडपत्रांची एक पोथी दिली. ती ग्रंथ लिपीत होती. ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी १९०५ साली ती तपासली आणि ज्या ग्रंथाचे केवळ नाव आणि इतस्ततः विखुरलेली अवतरणे जगाला ठाऊक होती, ते कौटिल्याचे अर्थशास्त्र त्यांच्या हाती लागले. १९०९ साली त्यांनी ते छापले, १९१५ साली इंग्रजीत उतरविले. पुढे १९६० नंतरच्या पाच वर्षांत मुंबई विद्यापीठाने आपल्या र. पं. कंगल्यांची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत प्रसिद्ध केली, ती अद्यापि प्रमाण मानली जाते.

अर्थशास्त्र म्हटले की लोक राजनीती, मंडल सिद्धांत, हेरखाते यांविषयी बोलतात. त्याच्या चौथ्या अधिकरणाकडे, ज्याला ‘कंटकशोधन’ असे नाव आहे, फारसे कोणी वळत नाही. रहस्यकथेच्या वाचकाने मात्र ते अवश्य उघडावे. त्यात ‘आशुमृतकपरीक्षा’ नावाचे एक प्रकरण आहे. म्हणजे अकस्मात मेलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी. प्रेताला तेल लावून मग ते पाहावे, असे कौटिल्य सांगतो. गळ्यावर वण आहे, डोळे उघडे आहेत, हातपाय सुजले आहेत, तर श्वास कोंडून मारले. त्याच खुणा असून बाहू आणि मांड्या आखडलेल्या असतील तर फास. पोट फुगलेले आणि जीभ चावलेली असेल तर बुडून मृत्यू. हातपाय, दात, नखे काळवंडली, मांस आणि केस सैल झाले, तोंडाला फेस आला, तर विष. उरलेले अन्न दुधात घालून किंवा पक्ष्यांना चारून पाहावे. हृदयातला अंश काढून अग्नीत टाकावा आणि तो तडतडतो काय, त्याची ज्वाला इंद्रधनुष्यासारखी रंग बदलते काय, हे बघावे.

यातली सगळीच परीक्षा आजच्या वैद्यकाला पटणार नाही. माझे लक्ष वेधून घेते ती पुढची गोष्ट. मारून नंतर टांगलेला माणूस आणि स्वतः टांगून घेतलेला माणूस यांत फरक करावा लागतो, हे कौटिल्याला ठाऊक आहे. म्हणजे गुन्हेगार केवळ मारीत नाही, तो मरणाला दुसऱ्या मरणाचा वेष देतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याने हेरले होते. मग तो रागाच्या कारणांची यादी देतो: स्त्रीविषयीचा वा वारसाहक्काचा तंटा, धंद्यातली चढाओढ, शत्रूचा द्वेष, बाजारपेठ, संघातली भांडणे, न्यायालयातला वाद. या सहा-सात कारणांबाहेरचा हेतू असलेली रहस्यकथा मी तरी वाचलेली नाही. अगाथा ख्रिस्तीच्या साऱ्या कादंबऱ्या घेतल्या तरी त्यांतले बहुतेक खून या यादीत बसतात आणि त्यांतले निम्मे वारसाहक्काच्या रकान्यात जातील.

तेव्हा नवा हेतू कोणी शोधून काढीत नाही, हे पहिल्याने ध्यानात घ्यावे. बदलते ते दुसरेच काही.

संस्कृत नाटककारांना ही जाणीव होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो. भिंत फोडण्याचे सात आकार त्याला माहीत आहेत: कमळाचा, सूर्याचा, चंद्रकोरीचा, विहिरीचा, स्वस्तिकाचा, पूर्णकुंभाचा आणि असेच. सकाळी लोकांनी पाहून वाहवा केली पाहिजे म्हणून तो नेमका आकार निवडतो, आणि मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानेच माप घेतो. विनोद आहे, पण चोरीचे शास्त्र असते आणि ते वाचणारा आणि पाहणारा रसिक असतो, ही कल्पना येथे पक्की आहे. त्याच नाटकाच्या नवव्या अंकातला खटला तर निखळ रहस्यकथेचा आहे. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून पालापाचोळ्याखाली झाकतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. बागेत तपासाला गेलेल्या शिपायाला श्वापदांनी फाडलेले एका स्त्रीचे प्रेत दिसते. ते वसंतसेनेचे आहे, असे न्यायासन धरून चालते. पुरावा खराच, पण माणूस वेगळा. प्रेताची ओळख चुकणे या एकाच कल्पनेवर विसाव्या शतकात किती कादंबऱ्या उभ्या राहिल्या, याची गणती नाही.

आता श्रीरंगपट्टणाकडे येऊ. म्हैसूरहून पंधरा-सोळा किलोमीटरवर कावेरीच्या बेटात तो किल्ला आहे. ४ मे १७९९ रोजी दुपारी जनरल बेअर्डच्या सैन्याने तो घेतला, टिपू सुलतान दरवाजापाशी पडला आणि त्या रात्री शहरात अनिर्बंध लूट झाली. दुसऱ्या दिवशी कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने चार शिपायांना फाशी देऊन ती थांबविली. त्यानंतर काय झाले? त्यानंतर लुटीची रीतसर वाटणी झाली. त्यासाठी अधिकारी नेमले होते, हिशेब होते, हुद्द्याप्रमाणे वाटे होते. टिपूचे सोन्याने मढविलेले सिंहासन वाटणी सोयीची व्हावी म्हणून फोडण्यात आले. त्याचे व्याघ्रमुख आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. रात्री शिपायाने कंठी उचलली ती चोरी, आणि सकाळी समितीने सिंहासन फोडले ते बक्षीस. माझ्यासारख्या सरकारी नोकराला कागदावरच्या नोंदीने वस्तूचा स्वभाव कसा पालटतो हे रोज दिसते. तरीदेखील इतका स्वच्छ दाखला विरळा.

विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराने हीच रात्र उचलली. ‘द मूनस्टोन’ ही त्याची कादंबरी १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. टी. एस. एलिअटने तिला आधुनिक इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत पहिली, सर्वांत लांब आणि सर्वोत्कृष्ट ठरविले होते. तिचा उपोद्घात श्रीरंगपट्टणच्या तटावर घडतो. सोमनाथाच्या चंद्रदेवाच्या मूर्तीवरचा पिवळा हिरा हातोहाती फिरत टिपूच्या कट्यारीच्या मुठीत आलेला आहे. तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाळतीवर आहेत. आणि हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी त्या रक्षकांना मारून तो हिरा घेतो. पुढे मृत्युपत्राने तो यॉर्कशायरमधल्या एका तरुणीच्या वाट्याला येतो आणि तिच्या वाढदिवसाच्या रात्रीच नाहीसा होतो. चोर कोण, हे मी अर्थातच सांगणार नाही.

हा हिरा कॉलिन्सने कल्पनेतून काढला नव्हता. रशियाच्या झारच्या राजदंडावरचा हिरा भारतातल्या एका देवमूर्तीचा डोळा होता अशी दंतकथा आणि कोहिनूर, या दोहोंचा निर्देश त्याने स्वतःच प्रस्तावनेत केला आहे. पण खरी हिकमत पुढे आहे. हिरा हिंदुस्थानातला, पण चोरीचा तपास त्याने इंग्लंडमधल्या एका खऱ्या खुनावरून उचलला.

१८६० च्या जून महिन्याच्या अखेरीस विल्टशायरमधील रोड या खेड्यातल्या एका सुखवस्तू घरातून चार वर्षांचेही न झालेले मूल रात्रीतून नाहीसे झाले आणि बाहेरच्या शौचकूपात त्याचे प्रेत मिळाले. लंडनहून जोनाथन व्हिचर नावाचा अधिकारी आला. लंडनच्या पोलिसांची गुप्त तपास शाखा १८४२ साली निघाली, तेव्हाच्या पहिल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी तो एक. त्याने धोब्याची यादी तपासली आणि घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीचा, कॉन्स्टन्स केंटचा, एक रात्रीचा झगा कमी आहे हे पकडले. झगा सापडला नाही. मुलगी सुटली. एका कारागिराने सभ्य घरातल्या मुलीवर असा आळ घ्यावा याचा लोकांना संताप आला, वृत्तपत्रांनी व्हिचरला धारेवर धरले आणि त्याची कारकीर्द बसली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, त्याच मुलीने आपण होऊन गुन्हा कबूल केला.

कॉलिन्सने त्या घटनेतून तीन गोष्टी घेतल्या: हुषार पण वरिष्ठ वर्गाला नकोसा झालेला तपासनीस, धोब्याची यादी आणि नाहीसा झालेला झगा. मूल काढून टाकले, त्याच्या जागी हिरा ठेवला. झग्यावरच्या रक्ताच्या जागी दाराच्या ओल्या रंगाचा डाग आला. एवढ्यावर एक नवा गुन्हा तयार झाला. रहस्यकथा लिहिण्याची कला मला कोणी दोन वाक्यांत समजावून द्यायला सांगितले, तर मी हे उदाहरण देईन.

मात्र या उदाहरणात मला एक बोच नेहमी लागते. त्या मुलाचे आईबाप होते, आणि आठ वर्षांच्या आत त्यांच्या घराचा सांगाडा लोकांच्या करमणुकीसाठी उभा राहिला. पोने त्याआधीच हे केले होते: १८४१ साली न्यूयॉर्कजवळ एका तरुण विक्रेतीचे प्रेत नदीत सापडले आणि पुढच्याच वर्षी त्याने ती घटना पॅरिसला नेऊन कथा लिहिली. कॉलिन्सच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की त्याने मूल वगळले, दुःख बाजारात मांडले नाही, आणि त्याच्या तपासनीसाच्या रूपाने व्हिचरला थोडा न्याय मिळाला. शिवाय १८५७ ला दहा-अकरा वर्षे झाली असताना, इंग्रज वाचकापुढे मूळचा चोर इंग्रज आहे असे ठेवणे आणि शेवटी हिरा पुन्हा काठेवाडात सोमनाथाला पोहोचविणे, याला धाडस लागते. नोंदवहीत ज्याला ‘बक्षीस’ म्हटले होते, त्याला एका कादंबरीकाराने ‘गुन्हा’ म्हटले.

लुटीचा विषय निघाला आहे तेव्हा आपल्या माणसांनाही मोकळे सोडता येत नाही. १७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेत पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ, हिंदूंच्या सैन्याबरोबर आलेल्या टोळ्यांनी! मठाला पुन्हा उभे करण्यासाठी मदत दिली ती टिपूने, आणि त्याची कानडी पत्रे शृंगेरीच्या दप्तरात १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या हाती आली. सव्वाशे वर्षे ती पत्रे तेथेच होती. या घटनेवर मराठीत कोणी रहस्यकादंबरी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. लिहावी असे मला वाटते. देवीच्या मूर्तीवरचे अलंकार कोठे गेले, एवढाच प्रश्न धरला तरी चारशे पाने होतील.

श्रीरंगपट्टण पडल्यावर थोड्याच दिवसांनी बंगळूरच्या आसपास शंभरएक फासिगार पकडले गेले. प्रवाशांशी सलगी करून रुमालाने गळा आवळणारे हे लोक, ज्यांना उत्तरेत ठग म्हणत. मद्रासचे डॉक्टर शेरवुड यांनी १८१६ साली त्यांच्यावर निबंध लिहिला, तो पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये पुन्हा छापला गेला. मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतल्या अधिकाऱ्याने ठगांचे कबुलीजबाब ऐकून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिली. हाच टेलर पुढे सुरपूर संस्थानात आणि मग आपल्या नळदुर्गाकडे कारभारी होता. मराठवाड्यात त्याचे नाव अजून निघते. ठगीविषयी सरकारी कागदांत किती अतिशयोक्ती होती यावर आज इतिहासकारांत वाद आहे आणि तो रास्त आहे, कारण माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून आलेला इतिहास जपूनच घ्यावा लागतो. कादंबरीचे पोट मात्र त्याच जबान्यांनी भरले.

येथवर आपण पाहिले ते सारे वास्तवातून कथेत आलेले गुन्हे. पण नव्या गुन्ह्यांची दुसरी एक खाण आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. पुराव्याचे साधन बदलले की गुन्हा बदलतो.

बोटांच्या ठशांचेच पाहा. बंगालमधील जंगीपूरचा अधिकारी विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये एका कंत्राटावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला, कारण उद्या माणूस सही नाकारील ही त्याला भीती. पुढे एडवर्ड हेन्री, आणि त्याच्या हाताखालचे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण बसविले. १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले ठसे कार्यालय निघाले. त्याच सुमारास जलपैगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला सापडला, पेटी फोडलेली होती, आणि एका बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा पुसट ठसा होता. तो ठसा पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराचा निघाला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. ठसा सांगतो की हात तेथे लागला. त्या हाताने सुरी धरली होती हे तो सांगत नाही. केवढा बारीक आणि केवढा न्याय्य भेद हा!

१९०१ मध्ये ही पद्धत लंडनला गेली. आणि १९०३ मध्येच कॉनन डॉइलने अशी कथा लिहिली की जीत लाखेवर उमटलेला अंगठा चोरून भिंतीवर रक्ताचा खोटा ठसा उमटविला जातो. १९०७ मध्ये ऑस्टिन फ्रीमनने ‘द रेड थम्ब मार्क’ या कादंबरीत सगळा खटलाच एका ठशाच्या खरेखोटेपणावर उभा केला. पोलिसांनी ज्याला अचूक म्हटले, त्यावर कथालेखक दोन वर्षांत फट शोधून बसला. मला यात लेखकाची खोडी दिसते, पण त्याहून अधिक एक लोकसेवा दिसते. साक्षीदार म्हणून यंत्र उभे केले की आपण माणसाला उलट प्रश्न विचारायचे सोडून देतो. तो प्रश्न ही मंडळी विचारतात.

विषाची गोष्ट अशीच. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड मिळाली, असे रसायनतज्ज्ञांनी सांगितले. मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला. सहा जणांचा आयोग बसला; तीन इंग्रज सभासदांचे मत महाराजांच्या विरुद्ध गेले, आणि शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. तरीही १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले, ते कुशासनाचे कारण दाखवून. हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो ही समजूतच मुळात संशयास्पद. कथेत असे लिहिले असते तर संपादकाने लेखकाला परत पाठविले असते.

पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील औषधालयात औषधे तयार करण्याचे काम करताना अगाथा ख्रिस्तीला विषांची ओळख झाली आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खून औषधाच्या बाटलीतल्या रसायनावर बेतला होता. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने त्या कादंबरीची तारीफ केली, याचा तिला फार अभिमान होता. याच काळात रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांतला एक असा की पूर्वी कोणाला ठाऊक नसलेले विष वापरायचे नाही. वाचकाशी तो दगा होतो.

नियम उत्तम, पण वास्तव असल्या नियमाला बांधलेले नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याचा एक डॉक्टर आपल्या एका श्रीमंत विधवा रुग्णाला उपचारासाठी म्हणून रात्रीच्या गाडीने मुंबईस घेऊन निघाला. सकाळी गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. बदललेल्या नावाने त्यांना सरकारी रुग्णालयात दाखल केले गेले, तेथे त्यांचा अंत झाला, आणि प्रेत बेवारशी ठरले. इकडे नातेवाइकांना त्यांच्या नावाने पत्रे येत राहिली: यात्रेस गेले आहे, पुनर्विवाह केला आहे, सुखात आहे. तोवर बाईंची मिळकत डॉक्टरच्या हाती गेली. शवाच्या तपासणीत विष मिळाले नाही. कोणते विष, ते अखेरपर्यंत कळले नाही. तरीही, मरणानंतरचे आणि मरणापूर्वीचे सर्व वर्तन एका सूत्रात ओवून न्यायालयांनी तो खून ठरविला आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने देहदंड कायम केला. नॉक्सच्या नियमाप्रमाणे ही कथा बाद. कौटिल्याच्या यादीत मात्र ती ठीक बसते.

या खटल्याचा निकाल मी पहिल्यांदा वाचला तो एका प्रशासकीय कामात, परिस्थितिजन्य पुराव्यावरचे टिपण करताना. मला धक्का बसला तो त्या पत्रांचा. मेलेल्या माणसाच्या नावाने लिहिलेले खुशालीचे पत्र ही कल्पना कोणा लेखकाने रचली असती तर आपण तिला अमानुष म्हटले असते. आणि त्या पत्रांवर विसंबून कित्येक महिने कोणी चौकशीच केली नाही, कारण एकट्या राहणाऱ्या पैसेवाल्या बाईने मनाप्रमाणे काही केले असेल, ही समजूत सर्वांना सोयीची होती. कुशल रहस्यकथाकार गुन्हा रचताना अशाच समजुतींचा आधार घेतो. घरगडी, दाई, टपालवाला, वेडसर म्हातारी, ज्यांच्याकडे कोणी नीट पाहत नाही त्यांच्या आडून गुन्हा जातो.

म्हैसूर आणि बंगळूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अजूनही एन. नरसिंहय्या यांच्या कादंबऱ्या मिळतात. पाचशेहून अधिक. त्यांच्या नायकाचे नाव पत्तेदार पुरुषोत्तम, आणि कानडीत या साऱ्या वाङ्मयप्रकारालाच ‘पत्तेदारी कादंबरी’ म्हणतात. पत्ता लावणारा तो पत्तेदार. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. कलकत्त्याच्या पोलीसखात्यातले प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ काढून स्वतःच्या तपासाच्या हकिकती दोनशेहून अधिक अंकांत दिल्या. त्यांना गुन्हे शोधायला बाहेर जावे लागत नव्हते. अर्नाळकर किंवा नरसिंहय्या यांच्याजवळ असले दप्तर नव्हते. वर्तमानपत्र, न्यायालयातल्या बातम्या, परदेशी पुस्तके, आणि ज्या शहरात माणसे रोज नव्याने येऊन राहत होती त्या शहरातले अनोळखीपण, एवढ्या भांडवलावर त्यांनी धंदा केला. या लेखकांना आपल्या समीक्षकांनी दाराबाहेर ठेवले. भाषा कच्ची, पात्रे पुठ्ठ्याची, हे आक्षेप खरेच आहेत. पण ज्याने कधी पुस्तक हाती धरले नाही अशा गिरणी कामगाराला, शाळा सोडलेल्या मुलाला ओळीमागून ओळ वाचत नेण्याचे काम त्यांनी केले, आणि ते काम आमच्या थोर कादंबऱ्यांनी केले नाही.

आजच्या लेखकाला काय साहित्य मिळते ते पाहायचे तर कायद्याची पुस्तके उघडावी. १८६० चा दंडसंहितेचा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात संघटित गुन्हेगारी आणि हिसकावणी यांना स्वतंत्र कलमे मिळाली. बरोबर आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद केली आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. इकडे पोलिसाचा गणवेश घालून दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणारा भामटा निवृत्त शिक्षकाला स्वतःच्याच घरात कैद करून त्याची आयुष्याची पुंजी काढून घेतो. कौटिल्याच्या चौथ्या अधिकरणात सिद्धपुरुषाचा वेष घेतलेले राजाचे हेर ‘दारे उघडण्याचा मंत्र देतो’ म्हणून चोरांना भुलवतात आणि पकडतात. येथे वेष सरकारचा आहे आणि भुललेला माणूस निरपराध आहे. यावरची पहिली चांगली मराठी रहस्यकथा कोणी लिहील तेव्हा तिच्यातला प्रश्न भामटा कोण हा नसेल. एवढ्या शिकलेल्या माणसाने दोन दिवस शेजाऱ्याला हाक का मारली नाही, हे लेखकाला शोधावे लागेल.